बाहुलीवाचून उभी राहिलेली साडी

"...मग बुवा, माणसाला कुणाच्या टेकूवाचून उभं राहायचं असेल, तर त्यानं काय करावं?"

गोंदाबुवा गौरीच्या मुखवट्याचा डावा डोळा आखत होते. डोळा आखताना ते बोलत नसत. कुंचला पापणीच्या कडेनं फिरला, उचलला, परत टेकला.

कौस्तुभ ओसरीच्या खांबाला पाठ लावून बसला. चार वर्षांपूर्वी याच मठात त्यानं बुवांचा अनुग्रह घेतलेला. पण प्रश्न विचारायचा आणि उत्तराआधी घड्याळ बघायचं, ही त्याची खोड काही गेली नव्हती.

"पडलास काय कुठं?" बुवांनी विचारलं.

"पडलो नाही. पाडतायत."

आता हा कौस्तुभ करायचा काय, तर दुकान चालवायचा. पण दुकानाला ना फळी, ना गल्ला. दुकान इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारात. तिथं संगणकातल्या बाहुल्या विकायला असतात. कुणाला कार्टून करायचं असतं, कुणाला खेळ. ते आयती बाहुली घेतात, आणि तिचे कपडे, केस, दागिने निराळे घेतात.

कौस्तुभ साड्या करायचा. इरकली, नारळी काठाची, साधी सुती. निऱ्या अशा घालायचा की बाहुली चार पावलं चालली तर निरी न् निरी वेगळी हलावी. हाताला न लागणारी साडी, पण बघणाऱ्या बाईनं आपलाच पदर सावरावा.

फक्त ती साडी एकाच बाहुलीच्या अंगाला बसायची. बाहुलीचं नाव चंद्रा. घडवलेली वंदना लोहारनं. वंदना आणि कौस्तुभ एकाच क्लासात शिकले, एकाच बाकावर बसून. कौस्तुभनं प्रत्येक साडी चंद्राच्याच मापावर बेतली होती. दुसऱ्या बाहुलीचा खांदा निराळा, कंबर निराळी, तिला ती चालायची नाही.

त्या बाजाराचा एक रिवाज होता. एखादी वस्तू वापरायला आधी दुसरी लागत असेल, तर तिच्या पानावर तसं लिहायचं. त्याला एक रकानाच होता, 'आधी काय लागेल'. त्यात मूळ वस्तूचं नाव जोडलं, की गिऱ्हाईक बोट ठेवून थेट तिथं पोचायचं.

कौस्तुभनं तो रकाना रिकामा सोडला होता.

लोकांनी साड्या घेतल्या, उघडल्या. निऱ्या जागच्या जागी. पदर खांद्यावरनं आलेला... आणि खांदाच नाही. एका बाईनं लिहिलं, साडी उभी आहे, आत कुणी नाही. दुसऱ्यानं लिहिलं, हडळीची साडी आहे का ही.

तक्रारींचा ढीग झाला. बाजारवाल्यांनी कळवलं, आज संध्याकाळी पाचच्या आत रकाना भरा, नाहीतर दुकान काढून टाकू. सहा वर्षं बसवलेलं दुकान. दुसरं काही काम कौस्तुभला येतही नव्हतं.

"मग भर की," बुवा म्हणाले.

"तिचं नाव? माझ्या पानावर?"

"बाहुली तिची आहे ना?"

"बाहुली कुणीही करतं, बुवा. लोक साडी बघायला येतात."

"भांडलास तिच्याशी?"

"भांडण नाही." कौस्तुभनं घड्याळ पाहिलं. "क्लासात सर तिचं काम सगळ्यांना दाखवायचे. माझंही दाखवायचे... पण तिच्या बाहुलीवर घालून."

बुवांनी उजवा डोळा आखायला घेतला.

"मला एवढंच सांगा," कौस्तुभ म्हणाला, "की ज्याला खाली कुणी लागत नाही, असं काही मला कसं करता येईल? मग मी तो रकाना भरणारच नाही. जाईना दुकान. नवीन मांडीन."

डोळा पुरा झाला. बुवांनी मुखवटा हातभर लांब धरला आणि बघत राहिले.

तेवढ्यात हौसाक्का आली. ही गावातल्या अंगणवाडीची मदतनीस. डोक्यावर पाटी, पाटीत कोरं फडकं.

"झाली का बुवा आमची बया?"

"डोळे झाले. खाली काय आहे तुमच्यात?"

बुवा हे प्रत्येकीला विचारायचे. गावात कुणाच्या गौरी तांब्यावर बसतात, कुणाच्या धान्याच्या मापावर, कुणाच्या मडक्यांच्या उतरंडीवर. म्हणून मुखवट्याचा गळा बुवा लांब आणि गोल सोडून द्यायचे. घरातलं कळल्याशिवाय त्याला सुरी लावायचे नाहीत.

"इतकी वर्षं तांब्या होता," हौसाक्का म्हणाली. "यंदा सूनबाईंनी लोखंडी स्टँड आणलाय. त्याला हातपण आहेत. माझ्यापेक्षा धट्टीकट्टी बाई आहे ती."

"माप?"

तिनं कमरेला खोचलेली मापाची दोरी काढून दिली. दोरीला दोन गाठी. बुवांनी ती मुखवट्याच्या गळ्याला लावून पाहिली, मान हलवली आणि मुखवटा कौस्तुभपुढे केला.

"धर जरा. सुरी आणतो."

कौस्तुभनं दोन्ही हातांनी गळ्याखाली धरला. बुवा आत गेले.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग पाण्याचा. मग आवाजच आला नाही.

मुखवटा दिसायला एवढासा, पण शाडूची माती जड. खाली ठेवावा तर गोल गळा, कलंडला असता. आडवा करावा तर रंग ओला. कौस्तुभनं कोपर मांडीवर टेकवायला पाहिलं, तर गौरीचं तोंड वाकडं झालं.

"सरळ धरा की हो," हौसाक्का म्हणाली. तिनं पायातल्या वहाणा काढल्या, समोर आली आणि वाकून नमस्कार केला. चांगला सावकाश. मग गौरीकडं बघून म्हणाली, "दोन दिवस थांब आता. घर सारवायचं राहिलंय."

कौस्तुभचं नाक गौरीच्या हनुवटीपासून वीतभर होतं. हौसाक्काची नजर त्याच्यावरनं गेली, ती भिंतीवरनं जावी तशी.

"आक्का, तुम्ही घेता का जरा?"

"मी? नाही बाबा. उंबऱ्यात पाय धुतल्याबिगर आमच्यात गौर हातात घेत नाहीत. म्हणून तर पाटी आणलीय."

"मग बुवांना हाक मारा."

तिनं मारली. आत कुणी ओ दिली नाही.

कौस्तुभच्या खिशात मोबाइल वाजला. एकदा. थोड्या वेळानं परत.

"बघू का काय ते?" म्हणेपर्यंत हौसाक्कानं फोन काढलासुद्धा. अंगणवाडीतल्या पोरांची हजेरी फोनवर भरून भरून तिचं बोट सरावलेलं. त्याच्या अंगठ्याला फोन टेकवून तिनं तो उघडला आणि डोळे बारीक करून वाचायला लागली.

"वीस मिनिटं राहिलीत म्हणतात. कसला रकाना रिकामा आहे तुमचा?"

"राहू दे. बुवा आले की मी बघतो."

"बुवा विहिरीवर गेले असतील, तर झाली रात्र. सांगा, मी भरते. आधी काय लागेल, एवढंच विचारलंय."

कौस्तुभनं मुखवट्याखालची बोटं जरा सरकवून घेतली.

त्याच्या खांद्यातनं कळ निघाली, ती मनगटापर्यंत आली. हात थरथरला तशी गौरीही थरथरली. त्यानं श्वास धरला. चेहरा पुन्हा स्थिर झाला.

"रेशन कार्डाचे फारम यापेक्षा अवघड असतात," हौसाक्का म्हणाली. "नाव सांगायचं नाही का? चोरीचं आहे का काही?"

"चोरीचं नाही."

"मग?"

ओसरीखाली एक कोंबडी आली, पाटीत डोकावली, निघून गेली.

"चंद्रा," कौस्तुभ म्हणाला.

"कोण चंद्रा?"

"बाहुली आहे. वंदना... वंदना लोहारची."

सहा वर्षांत त्यानं हे नाव मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. हौसाक्कानं एकेक अक्षर पुटपुटत भरलं. मग थांबली.

"हे म्हणतंय, बाहुलीचं पान उघडून खात्री करा. उघडू?"

"उघडा."

तिनं उघडलं. बोटानं वर सरकवलं.

"बाई देखणी आहे हो... आणि ही साडी? ही तर तुमच्या पानावर होती आत्ता."

"तिथं कशी असेल?"

"नेसलीय ना तिनं. ही बघा. खाली यादीही दिलीय, हिच्या अंगावर नीट बसणारे कपडे. पहिलंच नाव तुमचं. मग परत तुमचं. दुसऱ्या कुणाचं नाहीच."

"आज टाकलं असेल."

"तारीख आहे की. पाच वर्षं झाली." ती आणखी खाली गेली. "लोकांनी लिहिलंय, या पानावरून साडी घेतली, फार छान बसली. कितीतरी जणांनी लिहिलंय."

कौस्तुभनं चंद्राचं पान कधी उघडलं नव्हतं. ज्यांची तक्रार आली, ते थेट त्याच्या दुकानात आलेले. आणि ज्यांची कधी तक्रार आली नाही... ते कुठून येतात, हे त्यानं विचारलंच नव्हतं. आपल्या साडीकडं बघून येतात, असं धरून चालला होता.

"जोडू का मग?" हौसाक्कानं विचारलं.

"जोडा."

तिनं बोट ठेवलं. "हिरवी खूण आली. दुकान चालू राहील म्हणतात." फोन त्याच्या खिशात परत सरकवला आणि पाटीतलं फडकं झटकून नीट पसरायला लागली.

दारात बुवा उभे होते. हातात सुरी. कधीपासून उभे होते, कुणास ठाऊक.

"बुवा," कौस्तुभ म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "पाच वर्षं झाली. तिनं मला एकदाही सांगितलं नाही."

बुवांनी सुरी ओसरीच्या कडेला ठेवली. समोर येऊन बसले. दोन्ही हात पुढं केले.

"दे इकडे," ते म्हणाले. "इतका वेळ खालून धरून वंदनाचे हात भरून आले असतील."