‘कशामुळे’ विचारणारा जासूद

ज्या काळी बातमीला माणसाच्या पायांनीच चालावं लागे, त्या फार जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात हैबती नावाचा जासूद राहत होता. राजाचा खलिता कमरेला खोचून तो निघाला की दोन दिवसांत अठरा गावं पालथी घालून परत. आपण धावण्यासाठीच जन्मलो आहोत, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मग सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला. जोंधळा करपला. तगली ती एकटी लाख. भेगाळलेल्या रानातही ही डाळ हिरवी राही. लोकांनी तिचंच वरण केलं, तिच्याच पिठाच्या भाकरी थापल्या, आणि पोट भरतंय यात समाधान मानलं.

एका सकाळी हैबती उठला, तर पोटऱ्या लाकडासारख्या ताठ. महिन्याभरात तो काठीच्या आधारानं चवड्यांवर चालू लागला. सुगीचे दिवस आले तोवर काठीही कामाची राहिली नाही. अंगणात यायचं तर बसून सरकावं लागे.

राजवाड्यातले शास्त्रीबुवा भेटायला आले. म्हणाले, “पूर्वजन्मीचं काहीतरी असणार. तुझा जन्म धावण्यासाठी होता, ते काम संपलं. आता उरलंय ते भोगायचं.”

ते शब्द हैबतीच्या जिव्हारी लागले. त्यानं जेवण सोडलं. त्याची बायको तुळसा घाबरली. ती शेजारच्या गावी गेली आणि म्हाताऱ्या वैद्यबुवांना घेऊन आली.

वैद्यबुवांनी पाय दाबून पाहिले, गुडघे वाकवून पाहिले. “हे बरे होतील असं मला वाटत नाही,” ते म्हणाले. “खोटा धीर देऊन काय करू?”

“पाय राहू द्या,” हैबती म्हणाला. “एवढंच सांगा, आता मी जगायचं कशासाठी?”

वैद्यबुवांनी त्याचे पाय हळूच खाली ठेवले. मग म्हणाले, “बाबा, ते मला ठाऊक नाही. उभ्या आयुष्यात मी शेकडो बाळंतपणं पाहिली. कुठलंही मूल हातात आज्ञापत्र घेऊन आलेलं पाहिलं नाही. ‘कशासाठी’चं उत्तर माझ्याकडे नाही. पण ‘कशामुळे’ हे विचारता येतं. आणि ते विचारायला पाय लागत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी हैबती तुळसेला म्हणाला, “मला चव्हाट्यावरच्या पारावर नेऊन बसव.”

तिथून अठरा गावांची माणसं जात-येत. हैबती प्रत्येकाला थांबवी. तुमच्या गावात कुणाचे पाय ताठले? किती जणांचे? पाणी कुठलं पिता? खाता काय? उत्तरं तो कोळशानं पाराच्या दगडावर रेघा ओढून ठेवी. लोक म्हणत, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

आधी त्याला वाटलं, दोष ओढ्याच्या पाण्याचा. पण एकाच ओढ्यावरच्या दोन गावांपैकी एकात तीस लंगडे, तर दुसऱ्यात एकही नाही. हैबतीनं आपल्या हातानं त्या रेघा पुसल्या. आपलं चुकलं याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशी तो घरी जाऊन पोटभर जेवला.

त्यानं पुन्हा विचारायला सुरुवात केली. जे गाव सुटलं होतं ते कोळ्यांचं. तिथं ताटात मासळी आणि नाचणी होती. धनगरांच्या वाडीवरही लंगडे थोडेच. त्यांच्याकडे दूध होतं. जिथं दोन्ही वेळा नुसती लाख शिजत होती, तिथं मात्र घरटी एक माणूस सरकत चाललेला.

त्यानं हे सांगितलं तेव्हा शास्त्रीबुवा हसले. “अरे, हे ज्याच्या त्याच्या पूर्वजन्मीचं पाप आहे.”

तेवढ्यात पाटलाचा घोडेवाला पुढं आला. “आमच्या घोडीला दाण्याऐवजी लाख घालतोय. तिचेही मागचे पाय ताठलेत.”

“बुवा,” हैबती नम्रपणे म्हणाला, “घोडीनं कुठलं पाप केलं असेल?”

सगळा चव्हाटा हसला. शास्त्रीबुवाही हसले, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच झालं.

पण एक बाई चिडून ओरडली, “मग आम्ही खायचं काय? माती?”

उत्तर दिलं ते तुळसेनं. लाखेचा संशय आल्यापासून, गेले सहा महिने, ती डाळ कढत पाण्यात भिजवून ते पाणी फेकून देत होती, पुन्हा भिजवून पुन्हा फेकत होती, आणि मूठभर का होईना, नाचणी मिसळत होती. “आमच्या घरात सहा महिन्यांत नव्या कुणाचे पाय गेले नाहीत,” ती म्हणाली. “एका घरावरून खात्री देत नाही. तुम्हीही करून पाहा.”

जासूदांनी हा निरोप अठरा गावांत नेला. पुढच्या हिवाळ्यात नवे लंगडे सात झाले. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एकही नाही. गेलेले पाय मात्र कुणाचेच परत आले नाहीत. हैबतीचेही नाहीत.

एकदा एक कुंभारीण आपल्या दोन मुलींना घेऊन पारावर आली. मुली चिंचेखाली पळापळ करत होत्या. ती हात जोडून म्हणाली, “दादा, देवानं तुझे पाय यासाठीच घेतले असतील.”

“नाही गं बाई,” हैबती म्हणाला. “शंभर माणसांचे पाय गेले. एकाला शहाणपण यावं म्हणून कुणी एवढं करत नाही. माझे पाय डाळीनं गेले. पुढं काय करायचं, ते मात्र माझं मी ठरवलं.”

मग त्यानं मुलींना जवळ बोलावून त्यांच्या पोटऱ्या हातानं चाचपून पाहिल्या. मऊ होत्या. तो समाधानानं हसला आणि पलीकडून येणाऱ्या गाडीवानाला हाक मारली, कारण खाणीकडच्या गावात लोकांना खोकला फार येतो, असं त्याच्या कानावर आलं होतं.

तात्पर्य: आयुष्याचा अर्थ जन्मताना कुणी हातात देत नाही, डोळे उघडे ठेवून, चार माणसांच्या उपयोगी पडत, तो आपला आपण घडवायचा असतो.