मौनाची पंगत

"पण मला काही होतच नाही, तर गोळी घेऊ कशाला?"

दौलतराव शितोळ्यांनी हे आवाज चढवूनच विचारलं. फौजदारकी सुटून दोन वर्षं झाली होती, तरी प्रश्न विचारताना त्यांना समोरचा माणूस आरोपीच वाटायचा.

आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब मोजला. एकशे नव्वद. तेव्हापासून बायको, शेवंताबाई, रोज सकाळी गोळी पुढे करायची आणि हे हात झटकायचे. शेवटी तिनेच त्यांना टेकडीवरच्या मठात, नागूबुवांपुढे आणून बसवलं होतं.

"तुम्हाला काही होत नाही," बुवा म्हणाले. "आणि बाईंना?"

"ती रुसलीय. आठ दिवस तोंड फुगवून आहे. बुवा, चेहरे वाचण्यात माझी हयात गेली. नुसत्या नजरेवरून चोर धरलेत मी."

"हं... आतला दाब वाढला की समोरचं माणूस पुसट दिसायला लागतं, असं माझ्या पाहण्यात आलंय."

"माझ्या बाबतीत ते शक्य नाही."

"छान. मग आज पंगतीत भात तुम्ही वाढा."

त्या मठातली पंगत मौनाची. वाढणाऱ्याने विचारायचं नाही, जेवणाऱ्याने मागायचं नाही, नको म्हणून पानावर आडवा हातही धरायचा नाही. चेहरा बघून वाढायचं, एवढाच नियम.

फौजदारांनी पातेलं उचललं आणि परेडची पाहणी करावी तसे निघाले. एका म्हातारीचं पोट भरलं होतं, तिच्या पानात भाताचा डोंगर झाला. बिचारी केविलवाणं बघत राहिली. तिच्या शेजारी दगडखाणीतला गडी आशेने वर बघत होता, त्याला ओलांडून स्वारी पुढे गेली. पंगतीत हसू दाबायची पंचाईत झाली.

शेवंताबाईंच्या पानाशी ते क्षणभर थांबले. कपाळाला आठी, ओठ घट्ट. रुसलीय, दुसरं काय! ते पुढे सरकले.

बुवांनी बोटाने खूण केली. मागे.

ते मागे आले, उभ्याउभ्याच बघितलं. तेच. पुन्हा पुढे.

पुन्हा खूण. मागे... आणि या वेळी बुवांनी बसल्या जागी जमिनीवर तळहात थोपटला. बसा.

दौलतराव रागाने लालबुंद झाले, पण बसले. पातेलं खाली ठेवलं. चढलेला श्वास खाली यायला वेळ लागला. मग बायकोचं तोंड अगदी समोर आलं.

आधी वाढलेला भात पानात तसाच होता. एक घासही मोडलेला नव्हता. ओठ घट्ट होते, कारण ते थरथरू नयेत म्हणून तिने दाताखाली धरले होते.

हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. अपघाताची बातमी कळल्यावर ठाण्याच्या बाकावर येऊन बसणाऱ्या बायकांचा. तीस वर्षं त्यांनी तो पाहिला होता. रागाचा चेहरा नव्हताच हा.

"शेवंता..." नियम मोडून ते म्हणाले, "भ्यालीस होय गं?"

तिने मान डोलावली आणि आठ दिवसांचं पाणी गालांवरून वाहू लागलं.

"माझे वडील असेच गेले हो. त्यांनाही काही होत नव्हतं."

पदराची गाठ सोडून तिने गोळी काढली. दौलतरावांनी हात झटकला नाही, पुढे केला. तळहातावर ती गोळी घेऊन ते तसेच बसून राहिले. कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. शेवंताबाईंनी डोळे पुसले आणि भाताचा पहिला घास कालवला.

बुवा पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आले.

"काय फौजदार, अजूनही काही होत नाही?"

"होतंय, बुवा. इथे... फार होतंय." त्यांनी छातीवर हात ठेवला. "मला दिसलंच नव्हतं हो."

बुवांनी तांब्या पुढे केला.

"म्हणजे गोळी लागू पडली. आता गिळून टाका."