उभी वाळवलेली झाडे

पूर्वी शोणा नदीकाठच्या वेणुपुरात राजा विमलसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या सागवनाचे वनपाल होते. दरवर्षी ते शंभर सागांच्या बुंध्यांची साल कड्यासारखी काढून घेत. झाड उभ्या जागी दोन वर्षे वाळे, मग ते तोडून ओंडके टेकडीवर रचले जात. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. पूर आलाच तर तराफ्यांसाठी ही रास होती. एरवी तिला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम होता.

अमात्य रुद्रदत्ताला राजासाठी नदीत क्रीडामंडप उभारायचा होता. त्याने रास मागितली. बोधिसत्त्वांनी नकार दिला, तेव्हा तो भर सभेत म्हणाला, "वनपाल, बारा वर्षांत एक तरी पूर पाहिलात?"

"नाही."

"मग ही मढी कुणासाठी राखता? पूर आला की तोडू झाडं. रान काय पळून चाललंय?"

सभा हसली.

"रान पळत नाही, अमात्य. पण तुमचं झाड वाळेपर्यंत पूर दोन वर्षं वेशीबाहेर थांबणार आहे का?"

आता कुणी हसले नाही. राजा मात्र चिडला. "इतका उद्धट वनपाल आम्हाला नको."

"मग पद घ्या, महाराज. रास तेवढी राहू द्या."

राजा ओशाळला. त्याने पद काढून घेतले आणि रास ठेवली.

मंडप ओल्या सागाचा झाला. बोधिसत्त्व राशीजवळ झोपडी बांधून राहिले, वाळवी लागू नये म्हणून ओंडके उलथेपालथे करीत राहिले. नव्या वनपालाने एकाही झाडाची साल काढली नाही.

तिसऱ्या वर्षी शोणा फुगली. बेटावरची कुंभारवाडी पाण्याने वेढली, मंडपात अमात्यही अडकला. नव्या वनपालाने घाईघाईने साग तोडून पाण्यात लोटले. ते तळाला गेले. बोधिसत्त्वांनी रास सोडली, तराफे बांधले आणि पहिला तराफा कुंभारवाडीकडे वळवला.

"अहो, आधी इकडे!" अमात्य छतावरून ओरडला.

"आधी पोरंबाळं. दम धरा, अमात्य. मंडप तुम्हीच बांधलाय ना?"

संध्याकाळपर्यंत सारी वाडी टेकडीवर आली. शेवटच्या तराफ्यावर अमात्य होता.

राजाने पद परत दिले. "आणखी काय हवं?"

"कुऱ्हाड, महाराज. रास आज संपली, तराफेही पुरात वाहून गेले. पुढची दोन वर्षं आपल्याकडे काहीच नाही."

ओल्या कपड्यांनीच ते रानाकडे निघाले. राजाही दुसरी कुऱ्हाड घेऊन मागोमाग गेला.

जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "पावसाआधी विहार शाकारणाऱ्यांना हसलेला तुमच्यातला हा भिक्षू त्या जन्मी अमात्य होता. माझा शिष्य आनंद राजा होता. वनपाल मीच होतो." निकड नसताना जागे राहणे, यालाच अप्रमाद म्हणतात.