सहाव्या लेनचे जास्तीचे दोन हात

सोनखडीच्या माळावरचे हे राष्ट्रीय स्टेडियम पाहायला आलेले पाहुणे आधी गवतावर उभे राहून फोटो काढून घेतात. मग मी त्यांना धावपट्टीच्या वळणावर आणतो. इथे सहाव्या, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या लेनच्या कडेला एक खुंटी आहे आणि तिला वाखाचा दोर बांधलेला आहे. चारशे मीटरच्या शर्यतीआधी धावणाऱ्या मुली या दोराने आपापली लेन स्वतः मोजून घेतात. त्यामागची हकीकत सांगतो, पण तुम्ही ती गाळून घ्या. चाळीस वर्षे या मैदानाची देखभाल केली, तरी मीही गाळूनच घेतो. ‘डोळ्यांनी पाहिले’ म्हणणारे निम्मे लोक तेव्हा जन्मलेही नव्हते.

असे सांगतात की स्टेडियम नवे होते तेव्हा धावपट्टी मातीची होती. त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचे काम तुळाजी वाघमोडे यांच्याकडे होते. त्यांची मुलगी हौसा चांगली पळायची. पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोचली आणि चिठ्ठ्या टाकल्यावर तिच्या वाट्याला सहावी लेन आली.

वळणावर बाहेरची लेन लांब पडते, म्हणून बाहेरच्या धावपटूला बरेच पुढे उभे करतात. हे आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. माळावरच्या लोकांनी मात्र तोवर बैलांच्याच शर्यती पाहिल्या होत्या आणि त्यात सगळे एका रेघेवर उभे असतात. इथे पाहतात तर हौसा सगळ्यांच्या पुढे, आणि रेघ मारलेली तिच्या बापाने. मग काय, एकच गलका झाला. बाप फक्की मारतो आणि लेक पुढे उभी राहते, यात न कळण्यासारखे काय आहे, असे जो तो म्हणू लागला. आत्ताच्या आत्ता मोजा, असा हट्ट धरून लोक बसले. पंचांना घाई होती. आधी पळू द्या, मग मोजू, असे त्यांनी सांगितले. तुळाजी म्हणे सारा वेळ मान खाली घालून उभे होते. तेच लोकांना जास्त खटकले. मलाही खटकले असते.

शर्यत सुटली. हौसा जिवाच्या आकांताने पळाली आणि तिसऱ्या लेनमधल्या मुलीकडून हातभर अंतराने हरली.

मग दोर आणला. पाच लेनी बरोबर भरल्या. सहावी कमी भरणार म्हणून लोक माना उंचावून पाहत होते, तर ती दोन हात जास्त भरली. पंचांनी तुळाजींना पुढे बोलावून विचारले. ते म्हणाले, “लोक बोलत्याल म्हणून मीच तिची रेघ दोन हात मागं घेतली.”

पंच वरमले. शर्यत पुन्हा घेऊ म्हणाले, पण हौसा नको म्हणाली. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

“संशय तुमच्यावर हुता, आबा. मग जास्तीचं दोन हात मी का पळाले?”

तुळाजींनी फक्कीचे घमेले तिच्या पायाशी ठेवले आणि पुन्हा कधी रेघ मारायची नाही अशी शपथ घेतली. हौसाही या मैदानावर पुन्हा पळाली नाही, असे म्हणतात.

तरी संशय फिटला नाहीच. पोरीची लाज राखायला शर्यत संपल्यावर बापाने हळूच रेघ मागे घेतली, असे त्याच संध्याकाळी कुणीतरी म्हणाले. या हकिकतीतली हीच गोष्ट मला सगळ्यात खरी वाटते, कारण लोक असेच असतात. मीही कित्येक वर्षे तसेच धरून चाललो होतो. सांगायला लाज वाटते, पण खरे आहे.

मग एका वर्षी माझीच मुलगी, शेवंता, अंतिम फेरीत आली. रेघ मारायला मी वाकलो. गॅलरीत कुणी काही बोललेसुद्धा नव्हते, तरी माझा हात आपोआप वीतभर मागे गेला. तुळाजी खोटे बोलले नव्हते, हे मला तेव्हा कळले. शेवंताने दोर लावला, माझी रेघ पायाने पुसली, वीतभर पुढे नवी मारली आणि मला म्हणाली, “आबा, तुम्ही फाटकाभाईर थांबा.”

आता धावपट्टी रबराची आहे आणि रेघा यंत्राने मोजून रंगवलेल्या आहेत. आजही शर्यतीआधी दोर मुलींच्याच हाती देतात आणि तेवढा वेळ त्यांच्या आईबापांना फाटकाबाहेर थांबवतात. तिथे ते मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, दोर बरोबर आहे ना? मी सांगतो, तुमच्या मुलीला विचारा.