कासाराच्या बायकोचा हात

एका गावात एक भोळा कासार होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गाव दुसराच वापरी. नाव भिकोबा, वय तीस. दिवसभर गावच्या बायकांचे हात धरून बांगड्या भरायचा, पण लग्नाला चार महिने झाले तरी स्वतःच्या बायकोच्या, सगुणेच्या, बोटाला त्यानं बोट लावलं नव्हतं. का? तर कोणी सांगितलं नव्हतं.

सगुणेनं वाट पाहिली, पाहिली आणि एका सकाळी स्पष्टच सांगितलं, "पंचमीला भाऊ न्यायला येईल. तोवर नवऱ्यासारखं वागा. नाहीतर मी काही परत यायची नाही."

भिकोबा घाबरला. बायको त्याला आवडत होती. एवढी अक्कल देवानं दिली होती. तो शेजारच्या गल्लीत आत्याकडं गेला.

"आत्या, नवऱ्यासारखं म्हणजे कसं?"

आत्यानं कपाळाला हात लावला. "अरे, तिच्या जवळ बसावं."

सगुणा चुलीपुढं भाकरी थापत होती. भिकोबा तिला खेटून बसला. तिचा हात हलेना, भाकरी करपली. ती आडावर गेली, तर हा तिथंही खेटून उभा. बायका पदरात तोंड घालून हसल्या.

"भर कामात असं करतात होय?" आत्या म्हणाली. "तिचे हात मोकळे झाले की हात धरावा."

दुसऱ्या दिवशी भांडी घासून सगुणा जरा टेकली. भिकोबानं तिचा हात धरला. तिला वाटलं, पावला एकदाचा देव. तोच हा म्हणाला, "हात सैल सोडा बाई," आणि डझनभर हिरव्या बांगड्या चढवून मोकळा झाला. बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायची रीत आहे. सगुणेनं दातओठ खात नमस्कार केला. यानं तोंडभरून आशीर्वाद दिला, "दिल्या घरी सुखी राहा. नवऱ्याचं प्रेम मिळो."

"अरे शहाण्या," आत्या म्हणाली, "हात धरला की विचारावं, तुझ्या मनात आहे का? हो म्हणाली तर पुढं सरकावं, नाही म्हणाली तर गप बसावं."

हात धरला की विचारायचं. भिकोबानं पक्कं ध्यानात ठेवलं. तिसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. पहिलाच हात आला पाटलीणबाईंचा. यानं तो धरला आणि विचारलं, "तुमच्या मनात आहे का?"

पाटलीणबाईंनी पायातली वहाण काढली. त्यांच्या मनात काय होतं, ते अख्ख्या बाजारानं पाहिलं.

आत्यानं टेंगळांना हळद लावली. "याउप्पर मला विचारल्याबिगर कुठल्या बाईच्या हाताला हात लावलास, तर याद राख."

पंचमी उजाडली. भाऊ गाडी घेऊन आला आणि बैलांना पाणी पाजायला ओढ्यावर गेला. सगुणेचं गाठोडं तयार होतं, पण पाय निघत नव्हता. तिचाही या येड्यावर जीव जडला होता. कोणाचा कशावर जडेल, काय सांगावं. तिनं दार लोटलं, लाज बाजूला ठेवली आणि आपणच हात पुढं केला.

"माझ्या मनात आहे," ती म्हणाली. "धरा."

भिकोबाचा हात उचलला गेला आणि तिथंच थांबला.

"जरा थांब. आत्याला विचारून येतो."

आत्या नागोबाला दूध घेऊन वारुळावर गेली होती. भिकोबा पळत तिथवर गेला. चार बायकांत त्यानं विचारलं, शिव्या खाल्ल्या, होकार घेतला आणि पळत माघारी आला. गाडी वेशीबाहेर पडत होती.

"आत्या हो म्हणाली," तो धापा टाकत म्हणाला.

सगुणेनं मान वळवली नाही. "मग तिलाच नांदवा," ती म्हणाली. भावानं बैल हाकले.

भिकोबा वेशीत उभा राहून बराच वेळ विचार करत होता. आत्या वारुळावरून घरी आली, तेव्हा तो तिची ट्रंक डोक्यावर घेऊन तिच्याच दारातून बाहेर पडत होता.

"चल आत्या," तो म्हणाला. "तुला नांदवायचंय."