फ्यूज कुणाच्या खिशात

"शॉर्ट झाली म्हणतोस. मग सगळीकडनं सारखी कशी जळली?"

दस्तगीर चाचांनी मोटर उघडून माझ्यासमोर धरली. आतली तांब्याची सगळी वेटोळी काळी पडली होती. एकही सुटलं नव्हतं.

मी म्हणालो, जळली ती जळली. नवी भरून द्या. बारा दिवसांनी सांगलीत स्पर्धा आहे.

चाचा चष्मा पुसायला लागले.

इचलकरंजीत त्यांचं मोटर भरायचं दुकान आहे. दहावीच्या आणि अकरावीच्या सुट्टीत मी तिथं कामाला होतो. मग इंजिनिअरिंगला गेलो आणि तिसऱ्या वर्षी सोडून आलो. ज्यांनी आयुष्यात मोटर उघडली नव्हती ते मोटर शिकवत होते. तसं मी त्यांच्या तोंडावर बोललो होतो.

तेव्हापासून घरात बसून रोबोट बनवत होतो. चार चाकं, पुढं लोखंडी ढोल, ढोलावर दोन पाती. ढोल फिरवायला इलेक्ट्रिक सायकलची जुनी मोटर. समोर येईल त्याला उचलून फेकायचं, एवढंच त्याचं काम.

शुक्रवारी त्याच्यासमोर आईचा हात आला.

चाचांनी चिमटा उचलला. मोटरच्या दांड्यावर काहीतरी करकचून गुंडाळलं होतं. ते एकेक करून ओढून काढलं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. हिरवे धागे होते. एक लांब, बाकीचे तुटके.

मोटर आणताना मी ते साफसुद्धा केलं नव्हतं.

"सुती आहे," चाचा म्हणाले. "पदर?"

"होय."

"हात कसा आहे तिचा?"

मी सांगितलं. अंगठ्याची शीर कापली गेली. शेजारच्या बोटाचं पेर शिवलंय. चिमटीत पकड येईल की नाही ते सहा आठवड्यांनी कळेल, असं डॉक्टर म्हणतात.

माझी आई कांडी भरायच्या कामाला जाते. मागावर आडवा जातो तो धागा आधी कांडीवर भरावा लागतो. तो दिवसातून कितीदा तरी तुटतो. तुटला की दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारायची. आई ती न बघता मारते. गप्पा मारत, माझ्यावर ओरडत, कशीही.

हे चाचांना सांगायची गरज नव्हती. या गावात ते सगळ्यांना माहीत आहे.

"मग शॉर्ट झाली," चाचा परत म्हणाले.

आता मला राग आला. मी म्हणालो, तिनं हात लावायचाच कशाला? चालत्या वस्तूला हात लावू नये एवढं साधं कळायला नको?

"चालत होतं?"

"…नाही. बंद होतं."

"बंद होतं तर तिनं काय चुकीचं केलं? झाडत असेल."

झाडतच होती. रोबोट मधल्या खोलीत पडला होता. तो उचलून खाटेखाली सरकवावा म्हणून ती वाकली.

मी म्हणालो, कामात होतं असं कधी कधी. अण्णापण तेच म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. मागांवर जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मागात गेली आहेत. गावातले असले म्हातारे कुठंही भेटले की आधी तुटकी बोटं दाखवतात, जणू सरकारनं बक्षीस दिलंय. दवाखान्यात आईच्या बँडेजकडं बघून अण्णा म्हणाले होते, "होतंय असं. मी नाही का जगलो?" कॉटवर पडलेल्या बाईला हे बोलले. मला त्यांचा हात पिरगाळावासा वाटला होता.

आणि आता तेच वाक्य मी चाचांना ऐकवत होतो.

चाचांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. दहाची दहा बोटं. चाळीस वर्षं करंटात काम करून.

सुट्टीतल्या दिवसांत त्याच बोटांवरून मी त्यांना पाठीमागं हसायचो. खरं काम केलेल्या माणसाचे हात असे गुळगुळीत नसतात, म्हातारा भित्रा आहे, असं मित्रांना सांगायचो. आता तेही त्यांच्या तोंडावर बोलून टाकलं.

"तुमची सगळी शाबूत आहेत चाचा. तुम्हाला काय कळणार?"

"भित्रा आहे मी," चाचा म्हणाले. त्यांनी ते मान्य केलं, जसं कुणी आपलं गाव सांगावं.

मग म्हणाले, "भरतेश, तू माझा फ्यूज घरी घेऊन गेला होतास. आठवतंय?"

आठवत होतं.

त्यांच्या दुकानाचा एकच कायदा होता. मशीनमध्ये ज्याचा हात जाणार त्यानं स्वतः उठायचं, भिंतीवरच्या बोर्डातला चिनी मातीचा फ्यूज स्वतः उपसायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. दोघं काम करणार असतील तर दोन फ्यूज काढायचे, दोघांच्या खिशात एकेक. कुणी कुणासाठी फ्यूज सांभाळायचा नाही. मालकानंसुद्धा नाही.

अकरावीच्या सुट्टीत एकदा दुपारी मी फ्यूज खिशात तसाच ठेवून जेवायला गेलो. जेवलो, आडवा झालो, झोप लागली. साडेचारला परत आलो तर दुकान बंद पडलेलं, दोन गिऱ्हाईकं तोंड फुगवून बसलेली आणि चाचा घामानं भिजलेले. पंखासुद्धा बंद. मी म्हणालो होतो, "दुसरा फ्यूज खणात होता की. लावायचा होता."

त्यावर ते म्हणाले होते, "तुझा हात आत नाही हे मला कसं कळणार?"

"मी तर घरी होतो."

"मी बघितलं नव्हतं."

महिनाभर मी हा किस्सा पोरांना रंगवून सांगितला. म्हाताऱ्याला वेड लागलंय म्हणून. सगळे हसायचे. मी सगळ्यात जास्त.

"आठवतंय," मी म्हणालो.

"तुझ्या रोबोटचा फ्यूज कुठं असतो?"



रोबोटचा फ्यूज म्हणजे बॅटरीचा प्लग. तो पोटात होता. तो काढायचा तर सहा स्क्रू उघडायला लागायचे. रोज कोण उघडणार? मी बॅटरी जोडलेलीच ठेवायचो. चोवीस व्होल्ट तर आहे, चोवीस व्होल्टनं काय माणूस मरतो काय, असं म्हणायचो. पात्यांवर घालायचं कव्हर बनवलं होतं. ते माळ्यावर होतं. रोबोट विटांवर ठेवावा, चाकं अधांतरी राहावीत, हेही माहीत होतं. मला सगळं माहीत होतं. कॉलेजात या विषयात माझ्याएवढं कुणालाच येत नव्हतं.

"तुम्ही बघितला होता रोबोट," मी म्हणालो. "दिवाळीत. घरी आला होता. प्लग बाहेर नाही हे तुम्हाला दिसलं नाही?"

"…दिसलं."

"मग बोलला का नाही?"

चाचांनी चष्मा काढला. हिरव्या धाग्यांकडं बघितलं.

"तू शिकलेला," ते म्हणाले. "म्हटलं, हसशील."

हसलोच असतो.

मला वाटलं होतं, त्यांच्यावर आरोप केला की बरं वाटेल. वाटलं नाही.  डोक्यावर पंखा घरघरत होता.

मग चाचांनी मोटर परत माझ्याकडं सरकवली.

"शॉर्ट झालेली मोटर एका जागी जळते. बाकीची तार लाल राहते. ही सगळी काळी झालीय. म्हणजे पदर गुंडाळला, ढोल अडला, तरी ही फिरायला धडपडत राहिली. अर्धा मिनिट तरी. तेवढा वेळ कुणीतरी करंट देत होतं. आईनं दिला नाही. तिचा हात आत होता."

चाचांनी माझ्या पँटकडं बोट केलं. "खिशात काय आहे तुझ्या?"

रिमोट होता. चार दिवस तो माझ्याच खिशात होता. दवाखान्यात, घरी, झोपतानासुद्धा. बाहेर काढून ठेवला तर कुणीतरी बघेल आणि विचारेल, असं वाटत होतं.

मी काढून टेबलावर ठेवला. त्याची डावी, ढोल फिरवायची दांडी वाकली होती.

मग चाचांना ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं. शुक्रवारी मी कोपऱ्यावर चहाला निघालो. घरी कुणी चुकून रिमोट दाबू नये म्हणून तो माझ्या पँटच्या खिशात घातला. चालूच होता. काळजी घेतली असं वाटलं होतं मला. चहा पिऊन मित्राच्या मोटरसायकलवर टेकलो, एक पाय वर घेतला आणि गप्पा मारत बसलो. कोण कसं मूर्ख आहे तेच बोलत होतो. मांडीखाली काहीतरी टोचत होतं. ते टोचत राहिलं. मी हललो नाही.

मग आमच्या घराकडनं आवाज आला.

दारात पोचल्यावर मी आधी खिशात हात घातला. आईकडं नंतर बघितलं. दांडी मधे आणली, रिमोट बंद केला. मगच ओरडलो, काय झालं, काय झालं.

 

"आई काय म्हणते?" चाचांनी विचारलं.



"म्हणते, मी तुझं मशीन बिघडवलं रे. रोज म्हणते. काल म्हणाली, स्पर्धा गेली ना माझ्यामुळं."

"आणि तू?"

"मी म्हणालो… असू दे."

चाचा उठले. भिंतीपाशी गेले आणि फ्यूज उपसला. पंखा हळूहळू थांबला. परत येऊन त्यांनी मोटर पुढं ओढली आणि जळकी तार कापायला घेतली. फ्यूजच्या वजनानं त्यांच्या शर्टचा खिसा लोंबत होता.

"चार दिवसांत मोटर भरून देतो," ते कापता कापता म्हणाले. "तोवर प्लग बाहेर काढ. एका हातानं, अंधारात, न वाकता निघायला पाहिजे. पात्यांवरचं कव्हर माळ्यावर राहणार नाही. आधी रोबोट बंद, मग रिमोट बंद. उलटं नाही."

"करतो."

"झालं की तो प्लग आईकडं द्यायचा. तिच्या कनवटीला राहील. तुला खेळायचं असेल तर तिच्याकडं मागायचा."

"तिला त्यातलं काही कळत नाही चाचा. ती काय करणार प्लग घेऊन?"

"झाडणार."

मी उठलो. रिमोट टेबलावरच होता. तो तिथंच राहावा असं मला फार वाटत होतं. चाचांनी तो उचलून माझ्या हातात दिला.

"प्लग दिला की ती विचारेल," मी म्हणालो. "हा माझ्याकडं कशाला, म्हणेल. काय सांगू?"

चाचांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ते हिरवे धागे बांधले. पुडी माझ्यासमोर धरली.

"प्लगला अजून चार दिवस आहेत," ते म्हणाले. "आज उंबऱ्यावर आईसमोर खिसा रिकामा कर, मग आत जा."