वहाणांपाशी भरलेली सभा

एकदा एका नगराच्या कारभाऱ्यांना वाटले की आपल्याकडे पंचायती फार झाल्या आहेत. वाटण्यात तथ्यही होते. नगर तसे आटोपशीर, पण प्रत्येक आळीची पंचायत वेगळी. एका आळीचा कचरा दुसरीच्या हद्दीत गेला की दोन पंचायती आठवडाभर भांडत आणि कचरा आपल्या जागी निवांत पडून राही. दोन आळ्यांच्या सीमेवर खड्डा पडला तर तो बुजवण्याची जबाबदारी अर्धी अर्धी होई, म्हणजे कुणाचीच नसे. तेव्हा ओढ्याकाठच्या साऱ्या आळ्यांची मिळून एकच पेठपंचायत करावी, असा बेत ठरला.

कारभारी समंजस होते. लोकांचा कारभार लोकांना विचारल्यावाचून बदलू नये, एवढे त्यांना कळत होते. जनसुनावणी घेण्याचे काम त्यांनी नगरातल्या एका वृद्ध आचार्यांवर सोपवले, आणि आचार्यांनी ते आपल्या शिष्याला दिले.

शिष्य हुशार होता, कष्टाळूही होता. त्याने पेठेचा नकाशा कापडावर रंगवून घेतला. आळ्या पिवळ्या, रस्ते तांबडे, ओढा निळा. नकाशा इतका सुरेख झाला की पाहणाऱ्याला पेठेपेक्षा नकाशातच राहावेसे वाटावे. एक गोष्ट मात्र त्यात नव्हती. ओढ्यावर एक लहानसा बंधारा होता. त्यात लाकडी फळ्या घालून पाणी अडवत, आणि ते अडलेले पाणी पाटाने बागआळीच्या मळ्यांना जाई. आषाढात ओढा फुगला की फळ्या काढाव्या लागत, नाही तर तुंबलेले पाणी काठच्या सखल बुरूड आळीत शिरे. फळ्या कधी काढायच्या ते बुरूड आळीचा पंच ठरवी. हे कुठे लिहिलेले नव्हते, पण पिढ्यान् पिढ्या तसे चालत आले होते.

सुनावणी बागआळीतल्या धर्मशाळेत भरली. लोक वहाणा बाहेरच्या ओट्यापाशी ओळीने काढून आत आले. आपल्याकडे अशा प्रसंगी जे प्रथम होते तेच झाले. प्रत्येक आळीच्या पंचाने शिष्याच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला. बागआळीने शाल पांघरवली. बुरूड आळीचा पंच सोनबा हार घालून मागे सरला, तशी त्याच्या आळीतल्या तानूबाईंनी स्वतः विणलेली वेताची परडी पुढे ठेवली. तिची वीण इतकी बारीक होती की शिष्य बेत समजावून सांगताना मधून मधून तिच्याकडेच पाहत होता.

मग त्याने विचारले, "कुणाची काही हरकत?"

प्रथम एक कापडाचा व्यापारी उठला. एकत्र पंचायतीने पेठेचा उत्कर्ष होईल, असे तो बराच वेळ बोलला. नंतर दोघातिघांनी मान डोलावली. तानूबाई उठल्या, पदर सावरला, समोर हारांत हनुवटीपर्यंत बुडालेल्या शिष्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमी शिकलेली मान्सं. तुमी म्हनाल ते बरंच आसंल." आणि खाली बसल्या.

शिष्याला फार समाधान वाटले. आजवर एवढ्या मोठ्या बदलाला इतक्या सहज संमती कुणाला मिळाली असेल, असा विचारही त्याच्या मनाला चाटून गेला. त्या आनंदात, मागच्या रांगेत बसलेले आचार्य मधेच उठून बाहेर गेले, हे त्याच्या लक्षात आले नाही.

सभा संपली. लोक बाहेर आले आणि ओट्यावरच थबकले. ओळीने काढलेल्या त्यांच्या वहाणा जागेवर नव्हत्या. अंगणाच्या मधोमध त्या साऱ्यांचा एक मोठा ढीग घातला होता. कोल्हापुरी, करकरणाऱ्या, टाचेपाशी झिजलेल्या, शेण लागलेल्या, सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या. ढिगाशेजारी पायरीवर आचार्य हात झटकत बसले होते.

शिष्याचा चेहरा उतरला. "आचार्य, हे कुणी केलं?"

"मी."

लोकांनी एकमेकांकडे पाहिले. वय झाले की माणसाचे असे होते, असा भाव सगळ्यांच्या तोंडावर आला, आणि म्हातारपणाला काय बोलायचे म्हणून कुणी काही बोलले नाही. ढिगाभोवती वाकून जो तो आपापली जोडी शोधू लागला. शरमेने अर्धमेला झालेला शिष्यही गळ्यातले हार काढून, शाल पायरीवर ठेवून त्या गर्दीत वाकला. त्याच्याही वहाणा ढिगातच होत्या.

हात गुंतले आणि तोंडे सुटली.

"एकत्र पंचायत झाली तर सुटलो बाबा," शिष्याच्या डावीकडचा एक जण शेजाऱ्याला सांगत होता. "आमचा पंच माझाच मेहुणा. दारापुढचं गटार कधीचं तुंबलंय. त्याला बोललो की घरात बायको माझ्याशी बोलत नाही."

पलीकडे व्यापारी आपल्या सोबत्याला म्हणाला, "नव्या पंचायतीची कचेरी माझ्या दुकानासमोर यायचीय. येणारं-जाणारं माणूस वाढेल, दुसरं काय." तो हे लपवून बोलत नव्हता. त्याला आत कुणी विचारले नव्हते, एवढेच.

आणि अगदी जवळून, एक वहाण हातात धरून दुसरी शोधत, तानूबाई बोलत होत्या. "सोनबा, आखाडात फळ्या कोन काढनार?"

"पेठपंचायतीला इचारून काढायच्या."

"ती बसनार बागआळीत. त्यास्नी पानी पाटाला पायजेल. ती आदी बैठक बोलावनार, मग इचार करनार, आन् तवर माजी चूल पान्यात. मागच्या बारीला फळ्या निघाया जरा उशीर झाला, तर आईला उचलून माळ्यावर न्यावं लागलं होतं, इसरलास?"

"मग आत का न्हाई बोललीस?"

"तू का न्हाई बोललास? पंच तू हायेस. हार तर तूच घातलास की त्येला." तानूबाईंना दुसरी वहाण सापडली, ती त्यांनी जमिनीवर आपटून झटकली. "ज्येच्या गळ्यात आपन हार घातला, त्येच्या तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? काय म्हनंल तो, कसली मान्सं हायेत ही."

वाकलेला शिष्य तसाच वाकून राहिला. आपली जोडी त्याच्या हाताशी होती, पण ती उचलून उभे राहायचे त्याला धैर्य झाले नाही. तानूबाईंची परडी आतल्या बैठकीवर नारळाशेजारी ठेवलेली होती, आणि ती त्याने मोठ्या आनंदाने स्वीकारली होती. त्याला फार वाईट वाटले.

अंगण रिकामे झाल्यावर तो आचार्यांपाशी येऊन बसला. म्हणाला, "आत ते माझ्याशी खोटं बोलले का?"

"नाही रे," आचार्य म्हणाले. "आत त्यांनी तुझा मान राखला. तू पाहुणा होऊन गेलास. आपण कुणाच्या घरी जेवायला बसलो आणि यजमानाने विचारलं, भाजी कशी झालीय, तर आपण काय सांगतो? आपली माणसं पाहुण्याला दुखवत नाहीत, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चूक तुझी झाली. तू आधी सत्कार घेतलास आणि मग हरकत मागितलीस. नारळ हातात घेतलास तेव्हाच त्यांचं तोंड बांधलं गेलं. वहाणा शोधताना माणूस वाकलेला असतो, समोर कुणी मोठा नसतो, घरी जायची घाई असते. तेव्हा तो त्याच्या मनातलं बोलतो. सभा सगळीकडे अशीच संपते, बाहेर, वहाणांपाशी. मी ती फक्त जरा लांबवली."

शिष्याने विचारले, "मग उद्या कारभाऱ्यांना काय सांगू? मी तर हरकत नाही असा निरोप तयार ठेवलाय."

"सुनावणी झाली, ऐकायचं राहिलंय, असं सांग. आणि हे बघ, पुन्हा वहाणांचा ढीग घालायला जाऊ नकोस. मी म्हातारा म्हणून सोडलं लोकांनी. तू केलंस तर त्याच वहाणा तुझ्या पाठीवर बसतील."

कारभाऱ्यांना हे सांगताना शिष्याला बराच त्रास झाला. एकदा झालेली सुनावणी पुन्हा कशाला, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो गैर नव्हता. पण शिष्य अडून बसला. शेवटी त्यांनी मुदत वाढवून दिली.

या वेळी त्याने कुणाला धर्मशाळेत बोलावले नाही. एकेका आळीत तो स्वतः गेला. बुरूड आळीत तो बंधाऱ्यापाशीच बसला, बांबूच्या काड्यांच्या ढिगाशेजारी, जमिनीवर. हार-नारळ आणू नका, असा निरोप त्याने आधीच धाडला होता. सोनबाने तरी हार आणलाच. शिष्याने तो नम्रपणे घेतला आणि समोरच्या मारुतीला घालायला सांगितला. नकाशाही त्याने सोबत आणला नव्हता. बायामाणसे टोपल्या विणत होती, आणि त्याने त्यांना हात थांबवायला सांगितले नाही. त्याने एवढेच विचारले, "आषाढात या फळ्या कुणी काढाव्यात?"

सोनबा नुसता खाकरला. मग तानूबाईंनी अर्धी विणलेली टोपली खाली ठेवली, मान वर केली आणि शिष्याच्या डोळ्यांत पाहून सांगितले, "तुमची पेठपंचायत आमाला मान्य न्हाई. रस्ता एक करा, कचरा एक करा, दिवाबत्ती एक करा, त्येला आमची ना न्हाई. फळ्या आमी काढनार. कुनाला इचारनार न्हाई."

शिष्याला क्षणभर टोचले. एवढ्या मेहनतीने आखलेल्या बेताला कुणीतरी तोंडावर नाही म्हणत होते. पण पाठोपाठ त्याला बरेही वाटले. पाण्याची गरज बागआळीलाही आहे, ती कशी भागवायची, असे त्याने विचारले. त्यावर सोनबाही बोलू लागला, आणखीही दोघे-चौघे बोलले. ओढा उतरला की त्याच दिवशी फळ्या परत घालायच्या, एवढे सोनबाने कबूल केले. बोलणे बरेच लांबले आणि मधे आवाजही चढले.

शिष्य उठायला लागला तशा तानूबाई म्हणाल्या, "बसा. आता गूळपानी घ्या."

पेठपंचायत झाली. ज्याचा मेहुणा पंच होता, त्या बिचाऱ्या माणसाच्या दारापुढचे तुंबलेले गटार साफ झाले. व्यापाऱ्याच्या दुकानासमोर कचेरी आली. फळ्यांचा अधिकार बुरूड आळीकडे राहिला, आणि तो आता लिहूनही ठेवला गेला. आषाढात ओढा फुगला तेव्हा सोनबाने कुणालाही न विचारता फळ्या काढल्या. तानूबाईंच्या घरात पाणी आले नाही. त्यांची आई खालीच, आपल्या अंथरुणावर झोपली.

मळ्याचे पाणी वाहून गेले म्हणून बागआळीचे लोक दुसऱ्या दिवशी शिष्याकडे आले आणि त्याच्या तोंडावर आपली नाराजी सांगून गेले. तो शेवटपर्यंत ऐकत बसला. हार कुणीच आणला नव्हता.